पेपरमिंट तेल: औषध की नुसता थंडावा?

रानपाखरू:
नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली पोटाचं काही ना काही चालू आहे. मुरडा येतो, पोट फुगतं, कधी चार दिवस काहीच नाही आणि मग एकदम पळापळ. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, शेवटी डॉक्टर म्हणाले आयबीएस आहे, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, तपासणीत काही दिसत नाही पण आतडी नीट चालत नाहीत. आतापर्यंत दोन-तीन औषधं घेऊन झाली, परवा त्यांनी नवीन कॅप्सूल दिली, जेवणाआधी अर्धा तास, दिवसातून तीनदा. घरी येऊन वेष्टनावर वाचलं तर आत चक्क पेपरमिंट तेल! नवरा म्हणतोय ही तर चघळायच्या गोळीतली चव झाली, याला औषध कसं म्हणायचं. मलाही कळेना. हे खरंच औषध आहे का, कधीपासून वापरतात, कुणी घेतलंय का? अनुभव असतील तर प्लीज सांगा, माहिती असेल तर ती पण.

मुक्ता_७१:
मी घेतलंय, दोनदा, दोन-दोन महिने. मुरडा नक्की कमी झाला, पोट फुगणं पण बरंच कमी. बद्धकोष्ठाला मात्र शून्य उपयोग. आणि कॅप्सूल चावू नका हं, अख्खी गिळायची.

सायली_प:
पुदिना तर हजारो वर्षं वापरात आहे ना? मला एक मेसेज आला होता त्यात लिहिलेलं की पिरॅमिडमध्ये पेपरमिंटची पानं सापडली, म्हणजे किती जुनं औषध असेल बघा.

खडेबोल:
रानपाखरू, स्पष्टच लिहितो, राग मानू नका. आयबीएसमध्ये साखरेच्या गोळीने पण पुष्कळ लोकांना बरं वाटतं, तो आजारच तसा आहे, कमी-जास्त होत राहतो. त्यामुळे 'मला फरक पडला' याला पुरावा म्हणता येत नाही. मुक्ताताई, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंदच आहे, पण ते तेलामुळेच कशावरून?

मुक्ता_७१:
कशावरून ते मला सांगता येणार नाही. पण बंद केल्यावर तीन आठवड्यांत मुरडा परत आला हे मात्र दोन्ही वेळा झालं.

वनस्पतीवेडा:
सायली, पुदिना जुना आहे यात शंका नाही. प्राचीन ग्रीकांच्या पुराणकथेत तर मिंथे नावाची अप्सरा आहे, तिचं पर्सेफनीने मत्सरापोटी झुडूप करून टाकलं, तोच पुदिना. पण पुदिना म्हणजे पेपरमिंट नव्हे! या दोघांची गल्लत सगळीकडे होते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुदिन्याच्या कुळात पुष्कळ जाती आहेत आणि त्या एकमेकांत भारी मिसळतात. पाण्याकाठी उगवणारा जलपुदिना आणि आपण ज्याला स्पिअरमिंट म्हणतो तो, या दोघांच्या संकरातून पेपरमिंट झालं. गंमत अशी की हे गुणसूत्रं मोजून पडताळता येतं. स्पिअरमिंटमध्ये ४८, जलपुदिन्यात ९६, निम्मी निम्मी घेतली तर २४ अधिक ४८ म्हणजे ७२, आणि पेपरमिंटमध्ये साधारणपणे ७२च मिळतात. असा संकर असल्यामुळे ते वांझ असतं, बीज धरत नाही, जमिनीलगत धावणाऱ्या फुटव्यांवर वाढतं.

याची पहिली नीट नोंद १६९६ची. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरमध्ये कुणाला तरी मिरीसारखा झोंबणारा पुदिना सापडला आणि जॉन रे या निसर्ग-अभ्यासकाने आपल्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. १७०४च्या पुढच्या ग्रंथात त्याने लिहिलं की पोटाच्या दुबळेपणावर आणि जुलाबावर हा बाकी सगळ्या पुदिन्यांपेक्षा सरस आहे. म्हणजे रानपाखरू, तुमच्या डॉक्टरांनी जे दिलंय ते पहिल्या नोंदीपासून पोटासाठीच सांगितलं गेलंय. १७२१ला लंडनच्या अधिकृत औषधकोशात पेपरमिंट आलं आणि १७५३ला लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने मेंथा पायपेरिटा हे नाव दिलं. त्याला ती वेगळी जातच वाटली होती, संकर आहे हे कळायला पुढे बराच काळ गेला. आता पिरॅमिडमध्ये पुदिन्याची पानं सापडली म्हणणं एक आणि ती पेपरमिंटची होती म्हणणं दुसरं. सुकलेल्या पानावरून संकर ओळखणं किती अवघड आहे हे मी हाताने करून बघितलंय.

सायली_प:
अरे बापरे, मेसेज पुढे पाठवला होता मी. आता दुरुस्ती पाठवते.

अर्कशाळा:
वनस्पतीवेडा, सुरेख प्रतिसाद. मी सुगंधी तेलांच्या तपासणीचं काम करते म्हणून तेलाबद्दल थोडी भर घालते.

तेल पानाच्या आत नसतं, पानावर बारीक ग्रंथी असतात त्यात साठलेलं असतं, म्हणून नुसतं चुरगळलं तरी घमघमतं. पीक फुलावर यायच्या सुमाराला कापतात, थोडं सुकू देतात आणि मग त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल निघतं, थंड केलं की पाण्यावर तरंगतं, वरच्यावर काढून घ्यायचं. कापणीच्या वेळेला फार महत्त्व आहे, कारण कोवळ्या पानात मेंथोन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि पान जून होईल तसं त्याचं मेंथॉल, म्हणजे थंडावा देणारं द्रव्य, होत जातं. फार लांबवलं, फुलं भरपूर आली की मेंथोफ्युरान वाढतं, ते नको असतं. युरोपच्या औषधकोशात मेंथॉल ३० ते ५५ टक्के आणि मेंथोन १४ ते ३२ टक्के असं बंधन आहे. प्युलेगोन हे तेलातलं आणखी एक द्रव्य आणि मेंथोफ्युरान यांच्यावर कमाल मर्यादा आहे कारण ती जास्त झाली तर यकृताला त्रास देतात. म्हणजे 'नैसर्गिक आहे, कितीही घ्या' हे अजिबात खरं नाही.

आणि एक. बाजारात 'मिंट ऑइल' म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा मेंथा आर्वेन्सिसचं म्हणजे जपानी पुदिन्याचं असतं. त्यात मेंथॉल ७० टक्क्यांच्या पुढे. मेंथॉलचे स्फटिक काढायला तेच वापरतात, दुसऱ्या महायुद्धाआधी होक्काइदोमधलं कितामी गाव त्यासाठी जगभर प्रसिद्ध होतं. ते वाईट नाही पण पेपरमिंट तेल नाही. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसेल तर मी तरी ती औषध म्हणून वापरणार नाही.

बोरूबहाद्दर:
भेसळीचा विषय निघालाच आहे तर हॉचकिस आठवला. न्यूयॉर्क राज्यातल्या लायन्स गावचा दुकानदार, एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांकडून पेपरमिंट तेल घ्यायचा. तेव्हा टर्पेंटाइन वगैरे घालून तेल वाढवायची पद्धत बोकाळलेली, याने शुद्ध तेल निळ्या बाटल्यांत भरून स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली आणि १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात पदक मिळवलं. त्याच्या आधी या धंद्याचं केंद्र लंडनजवळचं मिचम होतं, साधारण १७५०पासून तिथे शेती चालू होती. आजही उत्तम वाणांच्या नावात मिचम असतं ते त्यामुळेच.

मग मिशिगनमधल्या कलमझूचा अल्बर्ट टॉड आला, त्याला 'पेपरमिंट किंग' म्हणायचे, अमेरिकेच्या काँग्रेसवर पण निवडून गेला होता. पण एकाच वाणाची कलमं करकरून लावली की जे होतं ते तिथे झालं, मर रोग आला आणि शेतंच्या शेतं गेली. वांझ झाडात संकर करून नवीन वाण काढणार कसा? म्हणून १९५५च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत फुटव्यांवर किरणोत्सर्गाचा मारा केला, हजारो रोपं रोगट जमिनीत लावली, जी तगली त्यातून १९७१ला 'टॉड्स मिचम' हा वाण आला. मला ही गोष्ट फार आवडते. वीसेक वर्षांची चिकाटी, कशासाठी तर पुदिन्यासाठी.

ओवी_ओवी:
बोरूबहाद्दर यांचा प्रतिसाद +१. हे माहीतच नव्हतं.

नाडीपरीक्षा:
मी पोटाच्या विकारांवर काम करणारा डॉक्टर आहे. इथे कुणाला औषध लिहून देणार नाही, फक्त माहिती.

आतड्याच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू असतात. ते आकुंचन पावायला पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं. मेंथॉल त्या कॅल्शियमच्या वाटा अडवतं, स्नायू सैल पडतो, मुरडा कमी होतो. हे तर्कावर नाही, एंडोस्कोपी म्हणजे दुर्बिणीची नळी आत घालून तपासणी करताना डोळ्यांनी दिसतं. १९८२ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं की कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या अशा तपासणीच्या) वेळी पेपरमिंट तेल आत सोडलं तर आतड्याची उबळ सुटते. जपानमध्ये आता जठराच्या तपासणीत मेंथॉलचं द्रावण फवारतात, त्याला तिकडे मान्यता आहे.

अडचण अशी की नुसतं तेल प्यायलं तर ते वरच शोषलं जातं आणि अन्ननलिकेच्या खालची झडप पण सैल करतं, मग जळजळ. म्हणून कॅप्सूलवर असं आवरण असतं जे जठरातल्या आम्लात टिकतं आणि पुढे लहान आतड्यात विरघळतं. १९७९ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा कॅप्सूलचा छोटा अभ्यास आला, तिथून हे सुरू झालं. २००८ला त्याच नियतकालिकात चार चाचण्यांचा, ३९२ रुग्णांचा एकत्र हिशोब आला. त्यानुसार साधारण अडीच जणांना दिलं की एकाला जास्तीचा फायदा होत होता, पोटाच्या औषधात हा आकडा फार चांगला आहे.

खडेबोल:
डॉक्टर, आदर ठेवून विचारतो. २०२०च्या नेदरलँड्समधल्या चाचणीचं काय? १९० रुग्ण, आठ आठवडे. पोटदुखीत ठरवलेला फरक पडलेले लोक लहान आतड्यात सुटणाऱ्या कॅप्सूलच्या गटात ४७ टक्के, मोठ्या आतड्यापर्यंत नेणाऱ्या कॅप्सूलच्या गटात ४१ आणि नुसत्या प्लासिबोमध्ये, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ कॅप्सूलमध्ये, ३४ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. आणि अजून एक, तुम्ही काय घेताय हे रुग्णाला ढेकरेच्या वासावरून कळतंच की, मग जुन्या चाचण्यांमधली डोळ्यावरची पट्टी, म्हणजे औषध कुणाला आणि प्लासिबो कुणाला हे रुग्णापासून लपवणं, कितपत घट्ट होती?

नाडीपरीक्षा:
दोन्ही मुद्दे बरोबर. त्याच चाचणीत लहान आतड्यात सुटणाऱ्या कॅप्सूलने दुखणं, अस्वस्थता आणि एकूण तीव्रता हे दुय्यम निकष सुधारले होते, पण मुख्य निकष हुकला हे खरंच. म्हणून २०२१च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये पेपरमिंट सुचवलंय खरं, पण सशर्त, आणि पुराव्याचा दर्जा कमी आहे असं तिथेच लिहिलंय. मी रुग्णांना हेच सांगतो की काहींना चांगलं लागू पडतं, काहींना नाही, महिनाभरात कळतं. मुरडा हाच ज्यांचा मुख्य त्रास आहे त्यांना देऊन बघण्यासारखं नक्की आहे.

खडेबोल:
हे पटलं. एवढं मोजून-मापून सांगणारे डॉक्टर सगळ्यांना मिळोत.

गवती_चहा:
पोटाचं जाऊदे, सर्दीला हे रामबाण आहे, दोन थेंब रुमालावर टाकून हुंगलं की नाक मोकळं!

तुषार_बिंदू:
मोकळं झाल्यासारखं वाटतं, होत नाही. कार्डिफमधल्या सर्दी-संशोधकांनी १९८०च्या दशकात नाकातून जाणारी हवा मोजली होती. मेंथॉल हुंगल्यावर लोक म्हणाले श्वास मोकळा झाला, यंत्र म्हणालं हवा तेवढीच जातेय.

गवती_चहा:
असं कसं? मला स्पष्ट जाणवतं की!

तुषार_बिंदू:
जाणवतं ते खोटं नाहीये. त्वचेत आणि नाकात थंडी ओळखणारे ग्राहक असतात, टीआरपीएम८ नावाचे. साधारण २६ अंशांच्या खाली तापमान गेलं की ते मेंदूला 'गार' असा निरोप पाठवतात. मेंथॉल त्याच ग्राहकाला जाऊन चिकटतं आणि तापमान न बदलता तोच निरोप जातो. नाकात गार हवा लागतेय म्हणजे वारा भरपूर येतोय असा मेंदू अर्थ लावतो. २००२ला डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांच्या गटांनी हे वेगवेगळं शोधून काढलं, २०२१चं नोबेल त्या दोघांना तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहकांवरच्या कामासाठी मिळालं. सर्दीत रात्री झोप लागत नसताना नुसतं मोकळं वाटणं पण मोलाचं असतं, तेव्हा हुंगायला हरकत नाही, फक्त त्याने सर्दी बरी होतेय असं समजू नका.

अनघा_र:
मला इथे एक कळकळीने लिहायचंय. कृपया कुणीही तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ हे तेल नेऊ नका. माझा मुलगा सात महिन्यांचा असताना नाक चोंदलं म्हणून मी प्रेमापोटी, मला वाटलं नैसर्गिक आहे काय होणार, त्याच्या नाकाखाली बोटाने एक थेंब लावला. दोन-तीन सेकंदांत त्याचा श्वास अडकला, चेहरा निळसर झाला, मी किंचाळत त्याला उचललं, पाठीवर थोपटलं तेव्हा रडला. दवाखान्यात नेईपर्यंत ठीक होता, रात्रभर त्यांनी लक्ष ठेवलं. आज मोठा झालाय, पण ते सेकंद मी विसरलेले नाही.

नाडीपरीक्षा:
अनघाताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मेंथॉलमुळे लहान बाळांमध्ये श्वास प्रतिक्षिप्तपणे थांबू शकतो आणि स्वरयंत्र आकसू शकतं. युरोपच्या औषध नियामकांनी दोन वर्षांखालच्या मुलांना हे तेल पूर्ण वर्ज्य सांगितलंय, पोटाच्या कॅप्सूल आठ वर्षांच्या पुढेच. तुमचा यात काही दोष नाही, बाटलीवर हे ठळक लिहिलेलं असायला हवं होतं.

शेवंती:
अनघा, वाचतानाच अंगावर काटा आला. लेकराला खूप आशीर्वाद.

मांजरप्रेमी:
मांजरं पाळणाऱ्यांनी पण जपा. घरात डिफ्यूझर लावून हे तेल उडवू नका, मांजराच्या यकृताला असली तेलं नीट पचवता येत नाहीत.

कपाळकरंटी:
डोकेदुखीसाठी कुणी वापरलंय का? माझं दर दोन दिवसांनी कपाळ आवळल्यासारखं दुखतं, दरवेळी गोळी घ्यायची भीती वाटते.

अर्कशाळा:
जर्मनीत यावर चांगलं काम झालंय. कील इथे १९९६ला ४१ रुग्णांवर चाचणी झाली, १० टक्के पेपरमिंट तेल अल्कोहोलमध्ये मिसळून कपाळाला आणि कानशिलांना लावायचं, पंधरा मिनिटांनी परत, अर्ध्या तासाने परत. ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत ते १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचं ठरलं. खडेबोल, तुमचा प्रश्न येण्याआधीच सांगते, प्लासिबोच्या बाटलीत पण वासापुरतं किंचित तेल घातलं होतं! शुद्ध तेल थेट लावू नका, कातडी भाजल्यासारखी होते, आणि डोळ्यांपासून लांब. पण दर दोन दिवसांनी दुखतंय तर आधी डॉक्टरांना दाखवा ना.

खडेबोल:
या चाचणीला माझा सलाम. अशी काळजी सगळ्यांनी घ्यावी.

नळजोड:
थोडं अवांतर, पण तेलाचाच इतिहास आहे म्हणून लिहितो. मी प्लंबिंगच्या क्षेत्रात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घरातल्या सांडपाण्याच्या पाइपांतून दूषित वायू गळतो का हे शोधायला पेपरमिंट तेल वापरायचे! छतावरच्या पाइपच्या तोंडातून तेल ओतायचं, वरून गरम पाणी, आणि तोंड बंद करायचं. खाली घरात दुसरा माणूस खोल्याखोल्यांतून हुंगत फिरणार, जिथे पेपरमिंटचा वास आला तिथे जोड फुटलेला. नियम कडक होता, ज्याने तेल ओतलं त्याने घरात पाऊल टाकायचं नाही, कारण त्याच्या कपड्यांना लागलेल्या वासाने सगळी तपासणी फुकट जाणार.

ओवी_ओवी:
हे तर या धाग्यातलं सगळ्यात भारी आहे!

बोरूबहाद्दर:
क्या बात है नळजोड. म्हणजे हे तेल पाइपातली गळती शोधायचं आणि पोटातल्या पाइपातली उबळ पण सोडवायचं.

सायली_प:
उंदीर पळतात का हो याने?

वनस्पतीवेडा:
वास उडून जातो आणि उंदीर परत येतात. भोकं बुजवा.

रानपाखरू:
मंडळी, किती लिहिलंत सगळ्यांनी! बारा दिवस झाले कॅप्सूल चालू आहे म्हणून सांगायला आले. मुरडा बराच कमी आहे, आठवड्यात दोनदाच आला. पण एक नवीनच त्रास, छातीत जळजळ आणि दिवसभर पुदिन्याच्या ढेकरा. आधी मला जळजळ फारशी नव्हती. नवरा म्हणतो बंद कर. पण पोट इतकं शांत कित्येक महिन्यांत नव्हतं, बंद करायचं जिवावर आलंय.

नाडीपरीक्षा:
कॅप्सूल चावत नाही ना? आणि सोबत दुसरं काही घेताय? विशेषतः ॲसिडिटीची गोळी किंवा पातळ औषध?

रानपाखरू:
चावत नाही. पण हो, घरात ॲसिडिटीचं पातळ औषध आहे ते दोन चमचे कॅप्सूलबरोबरच घेते, म्हटलं पोटाला त्रास नको. हे तुमच्या पहिल्या प्रतिसादात होतं का? मी तेव्हा पटापट वाचलं बहुतेक.

नाडीपरीक्षा:
पूर्ण नव्हतं, तेवढं लिहायचं माझ्याकडून राहिलं. आवरण आम्लात टिकतं आणि आम्ल कमी झालं की विरघळतं, त्या भरवशावर ते पुढे आतड्यात उघडतं. तुम्ही आम्ल मारणारं औषध सोबत घेतलंत म्हणजे जठरातच आम्ल कमी झालं, कॅप्सूल तिथेच उघडली, तेल वर आलं आणि झडप सैल पडली. तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा की ते पातळ औषध गरजेचं आहे का, असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. पित्ताशयात खडे असतील किंवा आधीपासून जळजळीचा आजार असेल तर तेही त्यांना सांगा.

मुक्ता_७१:
अगं मला पण पहिल्या वेळी हेच झालं होतं, कारण आज कळलं!

रानपाखरू:
फोन केला. ते म्हणाले पातळ औषधाची काही गरजच नाही, बंद करा. आज पाचवा दिवस, जळजळ गेली, ढेकरा अगदी क्वचित. नवऱ्याला टीआरपीएम८चं वाचून दाखवलं तर तो आता कपाळाला लावायचं तेल शोधतोय. एकच विचारते, हे किती दिवस घ्यायचं? आणि जरा संकोच वाटतो पण शौचाच्या वेळी खाली गार आणि झोंबल्यासारखं होतं, ते ठीक आहे ना?

नाडीपरीक्षा:
संकोच कशाला, बऱ्याच जणांना होतं. थोडं तेल शोषलं न जाता शेवटपर्यंत जातं आणि थंडीचे ग्राहक तिथेही आहेत. फार त्रास झाला तर मात्रा कमी करता येते. एका वेळी जास्तीत जास्त तीन महिने, मग थांबून बघायचं. वजन कमी झालं, रक्त पडलं, रात्री दुखून जाग आली तर मात्र आयबीएस म्हणून सोडून देऊ नका, लगेच दाखवा.

शेवंती:
मला हे सगळं वाचून झाड लावावंसं वाटतंय. पेपरमिंटचं बी कुठल्या महिन्यात पेरायचं?

वनस्पतीवेडा:
शेवंती, बी नसतंच त्याला! पेपरमिंटचं बी म्हणून पाकीट मिळालं तर त्यातून दुसराच कुठला तरी पुदिना उगवणार. ज्याच्याकडे खरं झाड आहे त्याच्याकडून मुळं फुटलेली फांदी मागून घ्या, देठ तांबूस-जांभळट असतो आणि पान चावलं की आधी मिरीसारखं झोंबतं, मग गार पडतं. आणि वेगळ्या कुंडीत लावा, जमिनीत सोडलंत तर बाकी काही उगवू देणार नाही.